जब्बार ग्रेडरची बोटं

कापसाच्या त्या वाईट वर्षांत दिग्रसकडे दोन गोष्टींवर औषध सांगायला माणसांची टंचाई कधी पडली नाही. एक बोंडअळी आणि दुसरी जब्बारभाईंची बोटं. अळीच्या बाबतीत निदान फवारल्यावर ती मेली नाही, एवढं तरी दुसऱ्या दिवशी दिसायचं. जब्बारभाईंच्या बोटांवर कोणतं औषध लागू पडलं आणि कोणतं उलटलं, हे कळायला महिने लागत. तोवर चार जण आणखी चार औषधं सांगून गेलेले असत.

जब्बारभाई सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. शेतकऱ्यानं बैलबंडी आणून उभी केली की तिच्यातल्या कापसात हात घालून त्याचा दर्जा ठरवायचा, हे त्यांचं काम. मी त्यांचा कारकून. ते तोंडानं दर्जा सांगत आणि मी फळीवर पावती ठेवून तो लिहीत असे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी यवतमाळहून या कामावर आलो, तेव्हा ओला कापूस कोणता आणि कोरडा कोणता हे मला बंडीतून पाणी ठिबकत असेल तरच कळायचं. पुढची सहा वर्षं दुसऱ्याच्या बोटांना जे समजलं ते मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. माझ्या त्या नोकरीचा सारांश यापेक्षा मोठा नाही.

जब्बारभाई म्हणजे उंच, काटकुळा माणूस. दाढी बेतानं कातरलेली, पांढरा सदरा आणि त्यावर यवतमाळच्या कुठल्याशा म्हाताऱ्या वकिलाकडून आलेला काळा कोट. बंडीपाशी आले की ते आधी कापसाकडे बघायचेच नाहीत. शेतकऱ्याला "पोरीचं लगन झालं का?" वगैरे विचारायचे आणि बोलता बोलता हात कोपरापर्यंत कापसात गेलेला असायचा. मग डोळे मिटायचे. मूठभर कापूस बाहेर यायचा, सरकीपासून धागा सुटायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढला जायचा, पुन्हा जुळवला जायचा, पुन्हा ओढला जायचा. शेवटी उरलेला इवलासा झुपका ते कोटाच्या काळ्या बाहीवर आडवा ठेवत. काळ्यावर पांढऱ्या धाग्याची लांबी स्पष्ट दिसते. एवढ्यासाठी तो कोट. लोकांना वाटे, जब्बारभाईंना वकिलीचा शौक आहे.

मग शब्द यायचा. चांगला लांब धाग्याचा असेल तर 'सुपर', बरा असेल तर 'फेअर', आणि किडका, पिवळा पडलेला असेल तर 'कवडी'. या तीन शब्दांच्या बाहेर जग आहे असं त्यांना वाटत नसे. हॉटेलातला चहा, मशिदीतला नवा पंखा, मोठ्या मुलीला सांगून आलेली स्थळं, सगळ्यांना दर्जा मिळायचा. आमचे साहेब नवीन बदलून आले तेव्हा मी विचारलं, "कसे वाटले?" जब्बारभाई जरा विचार करून म्हणाले, "फरदड हाय." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडाला पुन्हा लागलेला कापूस. दिसायला कापूसच, पण धाग्यात दम नसतो.

पण त्यांची खरी ख्याती पाण्याची. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणायची विद्या आमच्याकडे जुनी आहे, आणि तिच्यात शेतकऱ्यांपेक्षा व्यापारी पुढे आहेत. एकदा एका शेठचे दोन ट्रॅक्टर आले. जब्बारभाईंनी हात घातला, डोळे मिटले आणि "वापस" म्हणाले. शेठ स्वतः खाली उतरले. म्हणाले, "जब्बारभाई, रातभर उघड्यावर होते ट्रॅक्टर. दव पडलं अशीन."

"दव वरून पडते, शेठ," जब्बारभाई म्हणाले. "हे मंधात पडलं."

सगळं आवार हसलं. शेठही हसले, पण ते त्यांनी लक्षात ठेवलं. गरीब माणसाला मात्र जब्बारभाई 'ओला हाय' म्हणाले की तो वाद घालायचा नाही. बंडी वळवून घरी जायचा, वाळवून पुन्हा आणायचा. त्या हाताला कोणाचं काही लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिथं प्रत्येक काटा वाकडा आहे अशी लोकांची खात्री होती, तिथं हा एक हात सरळ होता. मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा, जणू तो हात माझाच होता.

तर या हाताला रोग झाला.

सुरुवात कोपरांपासून झाली. लालसर चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे. मग नखांवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले. जब्बारभाईंनी बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि विषय संपवला. पण एके दिवशी झुपका बाहीवर ठेवताना त्यांचा हात थांबला. काळ्या कापडावर कापसाच्या धाग्याशेजारी त्यांच्याच कातडीचे पांढरे कण पडले होते. समोरच्या शेतकऱ्यानं ते पाहिले आणि तो नकळत एक पाऊल मागं सरला. दुसऱ्या दिवसापासून कोट घरी राहिला आणि जब्बारभाई शाळेतल्या पोरांची दगडी पाटी घेऊन येऊ लागले.

महारोग असावा, अशी कुजबुज झाली. हॉटेलवाल्यानं त्यांचा कप वेगळा काढला. मला संताप आला, मी भांडायला उठलो. जब्बारभाईंनी मला खाली बसवलं. "कायले भांडता, बाबू? इतक्या वर्सात पयल्यांदा धुतलेल्या कपात चहा भेटून राह्यला."

पुढं उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं, मग अनामिका. सांधा नव्हे, अख्खं बोट बुडापासून टोकापर्यंत, केळीच्या फण्यातल्या केळ्यासारखं. सकाळी मूठ वळायची नाही. आणि इथून औषधांचा हंगाम सुरू झाला. मुकादमानं घोरपडीचं तेल आणलं. हॉटेलवाल्यानं, बहुधा कपाच्या पश्चात्तापानं, बिब्बा गरम करून लावायला सांगितला. एका मास्तरांनी वांगं बंद करायला लावलं. मेव्हणीनं कडुनिंबाच्या पाल्याची अंघोळ सांगितली. जब्बारभाईंनी कोणालाच नाही म्हटलं नाही. सगळं केलं आणि दर्जा दिला. घोरपड, कवडी. बिब्बा, कवडी, वर फोड आले ते वेगळेच. कडुनिंब, फेअर. "खाज कमी होते. बोट तसंच राह्यते." वांग्याबद्दल ते म्हणाले, "वांगं सुपर होतं. फुकटचं सोडलं."

'सुपर' मिळालं ते राळेगावच्या वाटेवरच्या एका वैद्याच्या पुड्यांना. चार दिवसांत सूज उतरली, पंधरा दिवसांत चट्टे फिके पडले. जब्बारभाई नवरदेवासारखे दिसू लागले. गालही भरले. त्यांनी कोट बाहेर काढला. अर्धा तालुका त्यांच्या सांगण्यावरून त्या वैद्याकडे जाऊन आला. मग ऐन हंगामात वैद्यबुवा कुठल्याशा लग्नाला गेले ते महिनाभर आलेच नाहीत. पुड्या संपल्या आणि आठवड्याभरात जब्बारभाईंचं सगळं अंग पेटलं. पाठ, पोट, डोकं, काही शिल्लक राहिलं नाही. बोटं तर शिवून घेत नव्हती.

तेव्हा कुठं झुबेदाभाभींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हुकूम सोडला आणि मी त्यांना यवतमाळला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी नखं पाहिली, बोटं दाबली, हाताचा एक्स-रे काढायला लावला आणि पुडीतली चिमूटभर पूड तळहातावर घेऊन सुस्कारा सोडला. म्हणाले, "यात स्टिरॉइड मिसळलेलं असणार. चालू असेतो छान वाटतं, एकदम बंद केलं की हा रोग दुपटीनं उसळतो."

 येताना एसटीत जब्बारभाई म्हणाले, "तीस वर्सं मी लोकायची मिलावट पकडली, बाबू. अन् दोन महिने रोज मिलावट खाऊन राह्यलो, अन् तिले सुपर म्हनत होतो."

त्याआधी दवाखान्यात डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं होतं, सोरायटिक आर्थ्रायटिस. कातडी आणि सांधे, दोन्हींचं मूळ एकच. अंगाची राखण करणारी ताकदच आपल्या माणसांवर उलटते, असं काहीसं ते म्हणाले. महारोग नाही, कोणाला लागत नाही. मग त्यांनी एकेक उपाय समोर मांडला. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या आहेत, पण त्या दुखणंच थांबवतात, सांधा आतून खाल्ला जातो तो जातोच, आणि फार दिवस घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड बिघडतं. दुसरी मेथोट्रेक्सेट नावाची बारीक पिवळी गोळी. ती रोगालाच लगाम घालते. पण दोन-तीन महिने धीर धरावा लागतो, दर महिन्याला रक्त तपासावं लागतं, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. ती नाही मानवली तर त्याच कामाच्या आणखी एक-दोन गोळ्या आहेत. आणि त्याही पलीकडे नव्या जातीची इंजेक्शनं निघाली आहेत, नागपूर-मुंबईला मिळतात, आधी टीबी नाही ना हे बघून देतात. त्यांची किंमत डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगितली.

"याच्यातलं सुपर कोनतं?" जब्बारभाईंनी विचारलं.

"लवकर सुरू केलेलं," डॉक्टर म्हणाले. "गेलेला सांधा परत येत नाही, जब्बारभाई. राहिलेले वाचवायचे. तुमचं काम बोटांचं आहे. उशीर नको."

पिवळ्या गोळ्या ठरल्या. चार गोळ्या एकदम, आठवड्यातून एकदा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जोडीची एक साधी गोळी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं आणि तोंडानं सांगितलं, "आठवड्यातून एकदाच, बाजाराच्या दिवशी. चुकवायची नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खेड्यातला माणूस वार विसरतो, पण बाजार विसरत नाही. माझे सगळे पेशंट असंच लक्षात ठेवतात." मला ती युक्ती फारच आवडली. शिकलेल्या माणसाला अशा गोष्टी फार आवडतात.

आता आमच्या कामाची रीत सांगितली पाहिजे. ग्रेडर कमी आणि केंद्रं जास्त, त्यामुळे जब्बारभाईंच्या वाट्याला तीन केंद्रं होती. दिग्रस, आर्णी आणि दोहोंच्या मधलं एक लहान गाव. ज्या गावचा ज्या वारी बाजार, त्या वारी तिथं खरेदी, कारण त्या दिवशी माणसं तशीही येतात. म्हणजे साऱ्या जिल्ह्याला आठवड्याचा एक बाजार असताना आम्हाला तीन होते.

जब्बारभाई शब्दाला पक्के. दिग्रसच्या बाजारी चार गोळ्या, आर्णीच्या बाजारी चार, मधल्या गावच्या बाजारी चार. डब्यातून मोजून तळहातावर घेत आणि माझ्याकडे बघत. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत असायची. एखाद्या वेळी बंड्यांच्या गर्दीत ते विसरले तर मीच हाक मारायचो, "जब्बारभाई, बाजार!" औषधाच्या दुकानदारानं पाकीट लवकर संपलं म्हणून विचारलं नाही, तो पाकिटं विकायलाच बसला होता.

आणि बोटांची सूज उतरत होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मूठ वळून दाखवली. मी भाभींना सांगितलं, बघा, वेळेवर औषध घेण्याचा हा परिणाम.

पाचव्या आठवड्यात तोंड आलं. आधी चहा झोंबायला लागला, मग पाणीही. जीभ, ओठांची आतली बाजू, सगळं सोललेलं. आम्ही म्हटलं, उष्णता. हॉटेलवाल्यानं सब्जाचं बी दिलं. दोन दिवसांनी ताप चढला आणि भाभींनी मला बोलावलं तेव्हा त्यांना उभं राहवत नव्हतं. "बाबूजी, थूक भी नहीं निगल पा रहे," त्या म्हणाल्या. आम्ही जीपमध्ये घालून यवतमाळ गाठलं.

रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "गोळ्या कशा घेत होता?"

जब्बारभाईंनी कसंबसं तोंड उघडलं. "बाजाराच्या दिवशी. एक बी चुकवला नाई."

आणि मी, बी.कॉम. दुसरा वर्ग, छाती पुढं काढून म्हणालो, "साहेब, मी स्वतः पाणी देत होतो. तिन्ही बाजारांना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. त्या गोळीचा उतारा म्हणून एक औषध शिरेतून चालू होतं, आणि कोणता ताप कोणत्या दिशेनं जाईल याचा भरवसा नव्हता. डॉक्टर दुखावले होते. इतकी वर्षं शेकडो माणसांना 'बाजाराच्या दिवशी' सांगितलं, एक बाजार असलेल्यांना ते बरोबर लागू पडलं. तीन बाजारांचा माणूस त्यांना कधी भेटलाच नव्हता. जब्बारभाईंचा हिशोबही खोटा नव्हता. आर्णीचा बाजार आठवड्यातून एकदाच असतो, दिग्रसचाही एकदाच. त्यांना तीन केंद्रं आहेत हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, आणि आठवडा एकच असतो हे जब्बारभाईंना कोणी वेगळं सांगितलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, माझ्या. मी ते डोकं एकदाही वापरलं नव्हतं. भाभी मला एक शब्द बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी थर्मासमधून चहा देत राहिल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

जब्बारभाई वाचले. पण घरी आल्यावर त्यांनी पिवळी गोळी हातात धरायला नकार दिला. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा निरोप पाठवला, गोळीचा दोष नाही, मापाचा आहे. रक्त सुधारलंय, थोड्या मापानं पुन्हा सुरू करू, आठवड्यातून एकदाच. जब्बारभाई छताकडे बघत. मी गेलो की हवापाण्याचं बोलत. दोन महिने असे गेले. बोटं पुन्हा फुगली, आणि या खेपेला मधलं बोट आणि अनामिका आतल्या बाजूला वळायला लागली.

एके दिवशी त्यांनी स्वतःच मला बोलावलं. समोर गोळ्यांचा डबा. "गोळी कवडी नाई, बाबू. घेनारा कवडी निघाला. आता जुम्म्याले घेईन. जुम्मा दिग्रसलेही त्याच दिवशी येते अन् आर्णीलेही." मग माझ्याकडे जरा तिरपं बघून म्हणाले, "पानी तुमची भाभी देईन."

ते मला लागलं, आणि लागावं म्हणूनच ते म्हणाले होते.

शुक्रवारची गोळी मानवली. तीन महिन्यांत सूज ओसरली, चट्टे विरळ झाले, रक्त दर महिन्याला ठीक येत होतं. वळलेली दोन बोटं मात्र वळलेलीच राहिली आणि उरलेल्या बोटांच्या टोकांत, ते म्हणायचे, कापड गुंडाळल्यासारखं वाटतं. नवा हंगाम सुरू झाला. जब्बारभाई पाटी घेऊन कामावर आले. बंडीवाल्यांनी उठून सलाम केला. मीही फळी घेऊन उभा राहिलो. सगळं पूर्ववत झालं असं मला वाटलं, म्हणजे मला तसं वाटायला हवं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात आर्णीला शेवंताबाई आली. तांड्यावरची बंजारा म्हातारी, स्वतः बंडी हाकायची. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आम्ही सगळे तिला याडीच म्हणायचो. जब्बारभाईंनी तिच्या कापसात हात घातला, डोळे मिटले. फार वेळ मिटले. "ओला हाय, याडी." ती बंडी वळवून गेली. तीन दिवसांनी दिग्रसच्या बाजारी तीच बंडी आली. जब्बारभाईंनी हात घातला. "आता कसा कोरडा झाला! सुपर."

याडीनं कमरेवर हात ठेवले. "भाऊ, हा तोच कापूस हाय. ताडपत्रीत बांधून ठेवलता, सोडला बी नाई. तवा ओला होता तं आज कसा कोरडा झाला? अन् आज कोरडा हाय तं तवा काहून वापस केला? माया बैलाच्या दोन खेपा झाल्या."

आवार हसलं. शेठची माणसं सगळ्यांत मोठ्यानं हसली. जब्बारभाई म्हणाले, "चुकलो, याडी." पण कोणत्या दिवशी चुकले, हे त्यांना सांगता येईना. दोनांतला एक शब्द खोटा होता आणि कोणता ते त्यांच्या बोटांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक दर्जा सांगताना माझ्याकडे बघितलं, आणि मी फळीकडे बघत राहिलो.

गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. साहेब मोठ्या मनाचे. म्हणाले, "जब्बारभाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. सही करता येते ना? मग झालं. दर्जा अंदाजानं सांगा, रिटायरमेंटला तीनच वर्षं आहेत." शेठना तर इतका उमाळा आला की त्यांनी दवाखान्यात जायला स्वतःची जीप देऊ केली. असा ग्रेडर जावा असं त्यांना आता मुळीच वाटत नव्हतं. जिल्ह्यात एकमतानं मागणी असलेला ग्रेडर मी त्याआधी पाहिला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी, खरेदी नव्हती त्या दिवशी, जब्बारभाई नमाजाहून परस्पर केंद्राच्या गोदामात आले. सकाळीच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. कापसाचे पाच ढीग लावायचे, त्यांतल्या वाटेल त्या दोनांवर पाणी मारायचं आणि दुपारपर्यंत हवा लागू द्यायची. कोणते दोन, ते फक्त मला माहीत. त्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधला आणि पहिल्या ढिगात हात घातला.

"कोरडा." बरोबर होतं.

"हा ओला." तेही बरोबर.

तिसऱ्यावर ते थांबले. बोटं आत हलत होती, दोन बोटं न हलता. "कोरडा." तो ओला होता. चौथ्याला ते "ओला" म्हणाले, तो खडखडीत कोरडा होता. पाचवा "कोरडा", बरोबर. त्यांनी हात झाडला आणि रुमाल न सोडताच विचारलं, "सांगा."

मी म्हणालो, "पाचही बरोबर."

मला वाटलं, काय बिघडलं? तीन वर्षं. हा माणूस चुकूनमाकून चुकेल, पण जाणूनबुजून कोणाला फसवणार नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्यांचं एक देणं लागत होतो, ते असं फेडायला निघालो होतो.

जब्बारभाईंनी रुमाल सोडला. प्रत्येक ढिगातून चिमूटभर कापूस घेतला आणि एकेक करून गालाला लावला. गालाच्या कातडीला अजून सगळं कळत होतं. तिसऱ्यापाशी त्यांचा हात थांबला.

"हा ओला हाय, बाबू."

मी ढिगाखाली सांडलेला कापूस गोळा करू लागलो.

"तिन्ही बाजाराले तुमी पानी देल्लं, तवा तुमाले म्हाईत नोतं. त्याचं मले काई वाटलं नाई. आज तुमाले म्हाईत होतं."

मी म्हणालो, "जब्बारभाई, गालाला लावून बघा ना मग. तसंही चालेल."

"रोज शंभर बंड्याचा कापूस गालाले लावू? लोक म्हनतीन, म्हातारा लाडात आला." ते हसले. मला हसू आलं नाही, रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग फळी माझ्या हातात दिली.

"लिहा. पाचातून तीन बराबर, दोन चूक. ग्रेडरच्या बोटाईले ओलं-कोरडं समजत नाई. दुसरा मानूस पाठवा."

मी लिहिलं. त्यांनी सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून यायला मलाच सांगितलं.

मी परत आलो तेव्हा ते फाटकापाशी पोचले होते. दुसऱ्या दिवशीच्या खरेदीसाठी एक बंडी आदल्या दिवशीच येऊन उभी राहत होती. तरणा शेतकरी होता, आत गोदामात झालेलं त्याला काय ठाऊक! जब्बारभाई दिसताच त्यानं घाईनं कापसावर झाकलेलं जाडंभरडं फारीचं कापड बाजूला केलं.

"उद्या दुसरे साहेब येतीन," जब्बारभाई म्हणाले. "त्याईले दाखवजो."

"येऊ द्या ना त्याईले. पन तुमी पाहा, भाऊ. बाप म्हने, जब्बारभाईचा हात लागला पायजे."

 जब्बारभाईंनी बाही वर सारली, कोपरावरचे फिके चट्टे उघडे पडले तरी त्याची पर्वा केली नाही, आणि हात कोपरापर्यंत कापसात घातला. डोळे मिटले. पोरगा त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मीही फळी आणि पेन घेऊन, सवयीनं, त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो होतो.

हात बराच वेळ आत होता. त्यांनी दर्जा सांगितला नाही.